बंडीवर फिरलेला चेहरा

इसाकभाई, हा कागद तुमच्या हातात पडला असता तर तुम्ही आधी माझं अक्षर पाहिलं असतं आणि मजकूर मागाहून. "बाई, तुमचा श पोट धरून काहून बसला?" असं काहीतरी म्हणाला असता आणि मी चिडले असते. आता चिडायला समोर कोणी नाही. एकटीनं चिडणं किती कठीण असतं, हे मला या आठ दिवसांत कळलं.

मंगळवारी चौथीचा गणिताचा तास चालू होता. तुमच्या गल्लीतली एक बाई दारात येऊन म्हणाली, "बाई, इसाक पेंटर गेले." मी फळ्यावरचं गणित पुरं केलं. का पुरं केलं, ते मला अजून समजत नाही. मग खडू ठेवला आणि तशीच तुमच्या घरी आले. बाहेर माणसंच माणसं, पण मला सगळ्यांनी वाट दिली. तुम्हाला नेलं तेव्हा बाया आतच राहिल्या, मीही त्यांच्यात राहिले. दाराच्या पडद्याआडून मला फक्त खांद्यांची गर्दी दिसली. तुमची लेक जुबेदा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. नऊ वर्षांची असताना पाटी फुटली म्हणून रडली होती तशीच, आवाज न करता.

तुमचं वय काय, जन्म कुठला, हे लिहिणारे लिहोत. नेरच्या निम्म्या दुकानांच्या पाट्यांवर खालच्या कोपऱ्यात तुमचं नाव आहे, तेवढी ओळख पुरे. मला आपलं अर्धवट राहिलेलं भांडण बोलायचं आहे. शिवाय एक गोष्ट सांगायची आहे, जी मी नऊ वर्षं तुमच्यापासून लपवली. आणि तुम्हीही एक लपवली होती, ती मला परवा कळली. म्हणजे आपण दोघंही सारखेच लबाड निघालो.

पहिली भेट तुम्हाला आठवत असेलच. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि मी आईला घेऊन कळंबहून इथल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले होते. चोवीस वर्षांची, बिनलग्नाची आणि तोंडानं फटकळ. शाळेच्या भिंतीवर मुळाक्षरं रंगवायला कमिटीनं तुम्हाला बोलावलं. तुम्ही शिडीवर चढलात आणि अ पासून ज्ञ पर्यंत असं झरझर उतरवत गेलात की मी मुलींना शिकवायचं सोडून पाहत राहिले. एक अक्षर वाकडं नाही. मी म्हटलं, "वाचनही भरपूर असेल तुमचं." तुम्ही ब्रश चिंधीला पुसत म्हणालात, "वाचता कोणाले येते बाई? मले थोडी उर्दू येते. हे तं मी चित्र काढतो. लोक म्हणतात दुकानाचं नाव हाय. मी म्हणतो, असंन."

साऱ्या गावाच्या पाट्या लिहिणाऱ्या माणसाला त्यातली एकही वाचता येत नव्हती! मी इतकी हसले की मुलीही हसायला लागल्या. तुम्ही रागावला नाहीत. शिडीवरून उतरलात आणि म्हणालात, "हासता काय, शिकवा ना मंग."

जुबेदा तेव्हा माझ्या वर्गात होती. संध्याकाळी ती माझ्या ओसरीवर पाढे म्हणायला यायची, तिच्यामागे तुम्ही येऊन बसायला लागलात. बोटांना रंग लागलेला, मांडीवर पाटी, आणि शेजारी नऊ वर्षांची पोर तुमच्या चुका काढतेय. आई आतून चहा द्यायची. तुमची शिकायची रीत मात्र जगावेगळी होती. मी अक्षर दाखवलं की तुम्ही पाटीकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त पाहायचात. ओठ कुठं मिटतात, हनुवटी कधी खाली जाते, त्यावरून तुम्ही आवाज धरायचात. आईच्या नजरेतून काही सुटत नसे. तिला त्यात वावगं दिसलं असतं तर तिनं दुसऱ्या दिवशी चहा बंद केला असता. ती एवढंच म्हणाली, "मालू, हा माणूस कानानं नाही, डोळ्यानं शिकून राह्यला."

दिवाळीनंतर कापसाच्या बाजारापलीकडे टुरिंग टॉकीजचा तंबू पडायचा आणि मग तुमची धांदल उडायची. शुक्रवारी सिनेमा बदलला की नवा पडदा हवा. आठ हात उंच कापड बांबूच्या चौकटीवर ताणायचं, सरसात कालवलेल्या रंगांनी नटनट्या रंगवायच्या, तो पडदा बैलांच्या बंडीवर उभा करायचा आणि ढोल वाजवत गावभर फिरवायचा. एकदा मी जुबेदाला सोडायला तुमच्या बसस्टँडमागच्या शेडात आले तेव्हा तुम्ही नटीचं अंग काढत होता. काढत कसले, छापत होता. जाड तपकिरी कागदावर सुईनं भोकं पाडून बाईची आकृती केलेली. तो कागद कापडावर धरायचा, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून थापटायची, कागद उचलला की खाली बाई उमटलेली. वाकलेली कंबर, घसरलेला पदर, सगळं तयार. तुम्ही त्याला खाका म्हणायचात.

"हे अंग कोणाचं?" मी विचारलं.

"सगळ्याइचं. चेहरा तेवढा बदलते. राणी असली तं मुकुट लावतो, गरीब असली तं लुगड्याले ठिगळ लावतो. अंग हेच."

"आणि पुरुषांचा खाका कुठं आहे?"

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू मी बैलाचं दूध मागितलं. "माणसाले खाका कायले बाई? एक ढेरीवाला असते, एक काटक असते, एक म्हातारा. माणूस प्रत्येक वेगळा असते ना."

हे तुम्ही इतक्या भोळेपणानं म्हणालात की मला हसूच आवरेना. तुम्ही दोनदोनदा विचारलंत, "काहून हासता?" मी म्हटलं, आता तुमचं तुम्हीच बघा. तुम्हाला आठ दिवस लागले. मग एका संध्याकाळी पाटी खाली ठेवून तुम्ही आपणहून म्हणालात, "बाई, ते खाक्याचं. तुमचं खरं हाय. पण टॉकीजवाला शेठ म्हणते, अंग नाही दिसलं तं तंबूत कुत्रं येत नाही. अंग शेठचं, चेहरा कंपनीचा. माहा तं फक्त हात हाय."

"मग मी त्या हाताबद्दलच विचारते आहे," मी म्हटलं.

तुम्ही क ची बाराखडी म्हणायला लागलात. आपलं भांडण तिथं सुरू झालं.

आणि मग तो बाजाराचा दिवस. सिनेमाची पेटी बसनं वेळेवर आली, पण नटीच्या फोटोंचं पाकीट आलं नाही. ते खानदेशातल्या नेरला गेलं होतं, हे चार दिवसांनी कळलं. दोन गावांना एकच नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं! शेठ तुमच्या शेडात येऊन म्हणाला, "कोणता बी चेहरा काढ, पण बाजाराच्या आत बंडी निघाली पाह्यजे." तुम्ही खाका थापटला, अंग भरलं आणि वर चेहऱ्यासाठी ब्रश उचललात. तुमच्याकडे फोटो नव्हता. घरातल्या बायका सोडल्या तर साऱ्या आयुष्यात महिनोन्‌महिने समोर बसून निरखलेला असा बाईचा चेहरा तुम्हाला एकच ठाऊक होता. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, हे मला त्या दिवशी पटलं नव्हतं. आज ते मी शपथेवर सांगीन. त्या शेडात मागे सरायला जागा नव्हती. हातभर अंतरावरून आठ हातांचा पडदा रंगवणाऱ्याला आख्खा चेहरा दिसतच नाही. आधी एक डोळा, मग एक गाल. तुमच्या हातानं मी तुकड्यातुकड्यानं काढली आणि तुम्हाला पत्ताही लागला नाही.

मधल्या सुट्टीत मुली धावत आल्या. त्यातली धीट होती ती म्हणाली, "बाई, तुम्ही टॉकीजच्या बंडीवर दिसून राह्यल्या!" मी म्हटलं, काहीतरी बोलू नको. पण ढोल जवळ येत होता, म्हणून मी फाटकाशी गेले.

बंडी आमच्या शाळेसमोरूनच गेली. वर मी होते. माझं नाक, माझी डावी भुवई जी जरा वर आहे, हनुवटीवरचा खळगा. आणि मानेखाली तुमचा खाका. ओलं लुगडं, घसरलेला पदर, ती ठरलेली कंबर. बाजाराला आलेली माणसं दोन्ही बाजूंनी उभी होती. एकानं शीळ घातली. दुसऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि शेजारच्याला कोपरानं ढोसलं. मी माझा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला. तो जागेवरच होता, तरी धरला. अशी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही, आणि ती मी काही केल्यामुळे वाटत नव्हती, याचा संताप तिच्याहून मोठा होता.

तशीच तुमच्या शेडात आले. तुम्ही भाकरी खात होता. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, एवढंच आठवतं की जुबेदा कोपऱ्यात कानांवर हात ठेवून उभी होती. तुम्हाला कळेचना. मग मी तुम्हाला रस्त्यावर नेलं. बंडी वळण घेऊन परत येत होती. लांबून, पहिल्यांदाच, तुम्ही तो चेहरा आख्खा पाहिलात. तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलं नाहीत. तिथंच धुळीत उकिडवे बसलात आणि म्हणालात, "या अल्ला, हे माह्या हातानं काय झालं."

मग उठलात. हॉटेलातली पाण्याची बादली उचललीत, बंडीवर चढलात आणि भर बाजारात, सगळ्यांसमोर, ओल्या चिंधीनं माझा चेहरा पुसून टाकलात. सरसाचा रंग, पाणी लागलं की जातो. शेठ खालून शिव्या देत होता. तुम्ही उतरलात तेव्हा तुमचे हात कोपरापर्यंत माझ्या रंगाचे झाले होते.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. दुसरा पडदा करायला वेळ नव्हता. शेठनं बंडी तशीच फिरवली. मानेवर नुसता करडा डाग आणि खाली ती बाई. दिवसभर ती बिनतोंडाची बाई गावातून फिरली. लोक तसेच उभे राहिले, शीळही तशीच आली आणि पहिल्या खेळाला तंबू भरला. कोणी विचारलं नाही की बाईला तोंड का नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही ओसरीच्या पायरीशी येऊन उभे राहिलात, बसला नाहीत, आणि म्हणालात, "बाई, चेहरा नव्हता. तरी कोणालेच काही कमी नाही वाटलं." तुमचे डोळे भरले होते. माझा राग तिथं अर्धा उतरला. उरलेला अर्धा तुमच्यावर नव्हताच.

शाळा कमिटीनं मला बोलावलं. अध्यक्ष बापूसाहेब, कापडाच्या दुकानाचे मालक, मधोमध. भिंतीवर त्यांच्याच दुकानाचं कॅलेंडर. त्यावर झऱ्याकाठी भिजलेल्या लुगड्यात एक बाई घागर घेऊन उभी. त्या कॅलेंडराखाली बसून मला विचारलं गेलं की मी पेंटरसमोर कधी बसले होते का, त्याचं ओसरीवर येणं किती दिवसांपासून आहे, आणि एका मुसलमान परपुरुषाला अक्षरं शिकवायची मला अशी काय नड पडली. आग असल्याशिवाय धूर निघत नाही, असंही एक जण म्हणाला. आईचं औषधपाणी, घर, सगळं या एका नोकरीवर होतं. ती गेली असती तर कळंबला मामांच्या दारात उभं राहायचं, आणि कसल्या बोभाट्यानं परत आलो हे रोज ऐकायचं. जीभ मात्र शाबूत होती. मी म्हटलं, "तेच अंग दोन वर्षं गावात फिरतंय. तेव्हा बैठक झाली नाही. आज माझं तोंड त्याला चिकटलं म्हणून झाली. म्हणजे दुसऱ्या कोणाचं तोंड असतं तर चाललं असतं?"

"विषय तो नाही," बापूसाहेब म्हणाले.

तेवढ्यात तुम्ही दारात दिसलात. तुम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. चपला बाहेर काढून, टोपी सारखी करून तुम्ही आत आलात. "साहेब, चूक माही हाय. बाईले ठाऊक बी नव्हतं. बाईनं मले अक्षर देल्लं अन् म्या त्याहीले हे देल्लं." मग तुमची नजर भिंतीवर गेली आणि तिथंच राहिली. पेंटरची नजर, चित्र दिसलं की आधी चेहराच बघणार. तुम्ही अगदी साधेपणानं विचारलंत, "साहेब, हे कोण हाय?"

"कॅलेंडर आहे ते."

"ते दिसते. पण हे पोरगी कोण हाय? कोण्यातरी पेंटरनं कोणाले तरी पाहूनच काढली असंन ना. तिच्या गावात बी तिले कोणी बोलावून राह्यलं असंन, अशेच सवाल पुसाले."

बापूसाहेब उजव्या हातातली अंगठी फिरवत राहिले. कॅलेंडर काढलं वगैरे काही नाही. ते वर्ष संपेपर्यंत तिथंच होतं आणि पुढच्या वर्षी नवं आलं, त्यावर दुसरी बाई. पण त्या खोलीत तुम्ही तो प्रश्न विचारलात. माझ्या बाजूनं माझ्या आयुष्यात इतका चांगला प्रश्न कोणी विचारला नाही. त्याबद्दल मी तुम्हाला कधी धन्यवाद दिले नाहीत, कारण पुढे जे झालं त्यानंतर तुमच्याकडे सरळ पाहायची मला सोय राहिली नव्हती.

आता ती लपवलेली गोष्ट. दोन दिवसांनी बापूसाहेबांनी मला दुकानावर बोलावून एक कागद पुढे केला. शाळेच्या वेळेबाहेर घरी कोणाही परपुरुषास शिकवणार नाही, इसाक पेंटर यास ओसरीवर येऊ देणार नाही. खाली माझं नाव लिहूनच ठेवलं होतं. सही केली तर नोकरी राहील, विषय संपला. मी कागद दोनदा वाचला आणि सही केली. हो इसाकभाई, केली. ज्या माणसानं माझ्यासाठी भर बाजारात शेठच्या शिव्या खाल्ल्या आणि जो कमिटीसमोर उभा राहिला, त्याला दाराबाहेर ठेवण्याच्या कागदावर मी माझ्या सुंदर वळणाच्या अक्षरात सही केली. तुम्हाला सांगितलं काय, तर "आता मला वेळ होत नाही." तुम्ही मान हलवून म्हणालात, "बरं बाई." जोडाक्षरं राहिलीच होती. ती पुढे तुम्हाला जुबेदानं शिकवली. तुम्ही चुकलात की ती माझ्यासारखी भुवई वर करते, असं एकदा तुम्हीच मला सांगितलंत, आणि मी रस्त्यातच तोंड फिरवलं.

त्यानंतर नऊ वर्षं आपण बोललो ते उभ्यानंच. बसस्टँडवर, भाजीबाजारात, शाळेच्या फाटकाशी. कधीही बसून नाही. पण बोललो मात्र खूप. तुम्ही शेठला सांगून टाकलंत की खाका जाळला, आता बाई काढीन तर पदर खांद्यावर असलेली काढीन, नाहीतर काढणार नाही. शेठनं अमरावतीहून बायांसाठी वेगळा पेंटर आणला. तुमच्याकडे अक्षरं आणि पुरुष राहिले. एकाच पडद्यावर अर्धा भाग तुमचा आणि अर्धा त्याचा. तुमच्या बाजूचा म्हातारा खरा वाटायचा, हसरा, दात पडलेला, आणि त्याच्या शेजारी तीच ती कंबर. मी तुम्हाला म्हटलं, "यानं काय साधलं? बाई तशीच राहिली, फक्त हात बदलला. तुम्ही काढत राहिला असता तर हळूहळू बदलता तरी आली असती."

तुमचा चेहरा पडला. "तुम्हीच म्हणलतं ना, हाताबद्दल विचारते म्हणून? म्या हात काढून घेतला."

"हात काढून घ्या असं मी कुठं म्हटलं?"

"मंग काय म्हणलतं?"

घाणीतून बाजूला व्हायचं की घाणीत उभं राहून उपसायचं, यावर आपण किती वेळा भांडलो असू! तुम्ही म्हणायचात, शेठ उपसू देत नाही. मी म्हणायचे, शेठला विचारतो कोण. खरं तर शेठला विचारायची ताकद ना तुमच्यात होती ना माझ्यात. माझी तर एका कागदापुढे गेली होती. तरी मी तुम्हाला शहाणपण शिकवत राहिले. तुम्ही ते ऐकून घेत राहिलात.

पण तुमची नजर जी एकदा उघडली ती पुन्हा मिटली नाही. तुम्ही मला रस्त्यात थांबवायचात, खिशातून काहीतरी काढायचात. "बाई, हे पाहा. विडीच्या बंडलावर बाई. विडी तं माणूस ओढते, मंग बाई कायले?" कधी चिवडा बांधून आलेल्या वर्तमानपत्राचा तेलकट तुकडा, त्यावर साबणाची जाहिरात. "घरात सगळेच आंघोळ करतात, पण न्हाणीत हेच एकटी काहून?" एकदा दिवाळी अंकातलं व्यंगचित्र घेऊन आलात. लाटणं घेऊन उभी लठ्ठ बायको आणि पलंगाखाली नवरा. खालची ओळ तुम्ही मला वाचून दाखवलीत, अडखळत, पण जोडाक्षरांसकट. वाचून झाल्यावर विनोदाला हसला नाहीत. म्हणालात, "माह्या घरी तं लाटण्यानं फक्त पोळ्या होतात." मी मात्र हसले, भाजीबाजारात उभी राहून, पोट धरून. तुम्ही मला हसवायलाच ते सगळं गोळा करायचात, असा मला आता संशय येतो.

जुबेदा मॅट्रिक झाली तेव्हा तुम्ही पेढे घेऊन फाटकाशी आलात. आत या म्हटलं तर आला नाहीत. "इथंच बरं हाय," म्हणालात. मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रुसला आहात. कुठून तरी सहीचं कळलं असेल आणि हा माणूस तोंडानं न बोलता मला त्याची आठवण देतो आहे. त्या दिवशी मी पेढा खाल्ला नाही, हातात धरून राहिले.

परवा जुबेदाकडे गेले होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग माझ्याच्यानं राहवेना. मी तिला म्हटलं, "पोरी, तुझ्या अब्बांचा मी एक गुन्हा केला आहे." आणि कागदाचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाई, तो कागद तं अब्बांनीच सुचवलता."

मला वाटलं, दुःखात पोर काहीतरीच बोलते आहे. पण ती स्वतः तिथं होती. कमिटीच्या बैठकीनंतर, त्याच संध्याकाळी तुम्ही तिचा हात धरून बापूसाहेबांच्या दुकानावर गेलात. कमिटी मला काढायच्या बेतात होती, हे तुम्हाला कळलं होतं. तुम्ही म्हणालात, "साहेब, बाईले ठेवा. मी ओसरीची पायरी चढणार नाही. पाह्यजे तं लेहून घ्या." बापूसाहेब म्हणाले, तुझ्या लिहिण्याला काय किंमत, तिच्याकडून लिहून घेतो. आणि तुम्ही म्हणालात, "घ्या. पण हे मी म्हणलो, असं त्याहीले सांगू नका."

इसाकभाई, मी तुमच्यावर इतकी चिडले आहे की काय सांगू. नऊ वर्षं मी तुमच्यासमोर मान खाली घालून उभी राहिले. तुम्हाला एका शब्दानं ती वर करता आली असती. तुम्हाला अक्षरं मनापासून हवी होती, मी पाहत होते ना. पहिला आख्खा शब्द वाचता आला तेव्हा तुम्ही पाटी छातीशी धरली होती. ती अक्षरं सोडून तुम्ही मला माझी नोकरी दिलीत आणि मला वाटत राहिलं की मीच ती तुमच्याकडून हिसकून घेतली.

आणखी एक राहिलंय, तेही आता सांगून टाकते. तो चेहरा सुंदर होता. बंडीवरून आला तेव्हा लाजेच्याही आधी, क्षणभर, मला तसं वाटलं होतं. आरशात मी कधी तशी दिसले नाही. त्यात माझा फटकळपणा होता आणि त्याच्याखाली जे काय आहे तेही होतं. तुम्ही त्या ओसरीवर बसून मला एवढ्या मायेनं पाहिलं होतं आणि त्यात खाक्याचा लवलेश नव्हता. मानेखालच्या त्या अंगामुळे तुम्हाला तो चेहरा पुसावा लागला. खाका नसता, नुसता चेहरा असता, तर मी तो मागून घेतला असता आणि घरात लावला असता, लोक काहीही बोलोत. हे मी तुम्हाला एकदा भाजीबाजारात सांगायला हवं होतं.

दोन दिवस मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. मला विचारायचं तरी होतं, असं म्हणते आहे. विचारलं असतंत तर मी साफ नाही म्हटलं असतं, नोकरी गेली तर गेली, इसाकभाई ओसरीवर येतील आणि शिकतील, असं ताठ मानेनं सांगितलं असतं. आज पस्तिशीला आलेली, मोठी बाई झालेली, आई गेल्यामुळे कोणाच्या औषधाची काळजी नसलेली मी हे अगदी खरं मानून बोलते आहे. पण तेव्हाची ती चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी मी चांगली ओळखते. तिनं नाही म्हटलं नसतं. तिनं खाली पाहिलं असतं आणि हो म्हटलं असतं, तुमच्या तोंडावर. तुम्हाला ते ठाऊक होतं, म्हणून तुम्ही मला विचारलं नाहीत.